एका पडद्याचं रसग्रहण

फ्युएल प्रेशर रेग्युलेटर बदलण्याची कृती वर्कशॉप मॅन्युअलमध्ये पान-दीड पानात आटोपते. क्रमांक घातलेली आठ-दहा वाक्यं, एक रेखाकृती, चौकटीतले दोन इशारे. गाडी कोणत्याही कंपनीची असो, त्या पानावरचा क्रम फारसा बदलत नाही. रसग्रहण करावं इतकं हे पान नेटकं आहे, असं मला मनापासून वाटतं. त्यातलं कोणतंही वाक्य उचलून दोन ओळी वर किंवा खाली ठेवून पाहा, अर्थ बिघडतो. आणि इथे अर्थ बिघडला तर हात भाजतो.

हे पान धाडमध्ये बसून वाचलं की जास्त उलगडतं. धाड हे बुलढाणा तालुक्यातलं बाजाराचं गाव, पलीकडे लगेच जालना जिल्ह्याचा भोकरदन तालुका. टायर-पंक्चर, वेल्डिंग, दुचाकीची दुरुस्ती ही कामं गावात होतात. पेट्रोल गाडीच्या इंजेक्शनचं काम निघालं, की बुलढाण्याला न्यायची का चिखलीला, का थेट जालन्याला, यावर घरात चर्चा सुरू होते. सोयाबीनच्या काढणीत किंवा कपाशीच्या वेचणीत त्यासाठी एक दिवस मोडणं परवडत नाही. म्हणून जुनी गाडी बाळगणारे बरेच जण बोनेट स्वतः उघडायला शिकतात. "गाडी पेट्रोल लय पेऊन राह्यली" अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की प्लग काढून पाहणारे आणि व्हॅक्यूमची नळी हुंगून पाहणारे हात गावात सापडतात.

या गाड्या गावात आल्या त्यालाही एक पार्श्वभूमी आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा तिला कार्ब्युरेटर होता. त्यात पेट्रोलला दाब असा जवळपास नसतोच. फ्लोटच्या वाटीत ते ठरावीक पातळीला उभं असतं आणि आत जाणारी हवा त्याला ओढून नेते. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो मानकांची तारीख अलीकडे ओढली, आणि २००० च्या आसपास आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल गाड्यांत एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर, रूढ झाला. शहरात काही वर्षं वापरून झालेल्या त्या गाड्या मग दुसऱ्या, तिसऱ्या मालकाच्या हाती गावोगाव पोचल्या. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण त्या पिढीच्या गाड्या अजून धावतात. त्यांतल्या अनेकींच्या इंजिनावर, इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या आडव्या नळीच्या, म्हणजे रेलच्या टोकाला आपला हा रेग्युलेटर बसवलेला असतो.

मुठीत मावेल एवढी पत्र्याची डबी. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून, कडा दुमडून कायमच्या बंद केलेल्या. आत मधोमध कापडावर रबर चढवलेला पडदा. पडद्याच्या एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला स्प्रिंग. पडद्याच्या मध्यावर एक बारीक व्हॉल्व्ह. तो उघडला की जादा पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जातं. स्प्रिंगच्या बाजूला एक छोटं नळकं असतं, त्याला बोटापेक्षा बारीक रबरी नळी लावून ती इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या वाटेला, जोडलेली असते. बस. या डबीला एकही वायर नाही. गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, तिच्याकडून काही कळत नाही आणि ईसीयू तिला काही सांगतही नाही.

ईसीयू ठरवतो तो फक्त वेळ. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, एवढाच त्याचा हुकूम असतो. पण तेवढ्या वेळात किती पेट्रोल पडेल हे त्यामागच्या दाबावर अवलंबून आहे, आणि या पिढीच्या गाड्यांत दाब मोजणारा सेन्सर रेलवर नसतो. दाब योग्य आहे असं धरून चाललेलं असतं. ते गृहीत खरं ठेवण्याचं काम ही मुकी डबी करते. एवढ्या हिशेबी यंत्रणेने आपला सगळा विश्वास एका पडद्यावर आणि एका स्प्रिंगवर टाकलेला आहे, हे पहिल्यांदा ध्यानात येतं तेव्हा या भागाविषयी आदर वाटू लागतो.

आता त्या बारीक नळीकडे वळू, कारण सगळं मर्म तिच्यात आहे. रेलमध्ये दाब साधारण ३ बार राखायचा असेल (टायरमध्ये आपण ३० पीएसआय हवा भरतो ती जेमतेम २ बार), तर नुसती स्प्रिंग पुरली असती. मग मॅनिफोल्डची नळी कशाला? इंजेक्टरचं तोंड मॅनिफोल्डच्या वाटेत उघडतं म्हणून. इंजिन जागेवर निवांत चालू असतं तेव्हा थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो आणि मॅनिफोल्डमध्ये ओढ तयार होते. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ०.६ बारच्या आसपास कमी असतो. म्हणजे पेट्रोलला मागून ३ बारचा रेटा आणि पुढून ०.६ बारची ओढ. इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक ३.६ बार झाला. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून त्याच मिलिसेकंदात जवळपास दहा टक्के पेट्रोल जास्त पडलं असतं. हे होऊ नये म्हणून तीच ओढ नळीवाटे स्प्रिंगच्या खोलीत पोचवलेली आहे. ओढीमुळे पडद्यावरचा स्प्रिंगचा भार हलका होतो, व्हॉल्व्ह जास्त उघडतो, जादा पेट्रोल परत जातं आणि रेलमधला दाब २.४ वर येतो. इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक पुन्हा ३ चा ३.

हे घाटात पाहावं. मलकापूरचं रेल्वे स्टेशन सोडून मोताळ्याहून बुलढाण्याकडे निघालं की राजूर घाट लागतो. चढ सुरू होतो, पाय ॲक्सिलरेटरवर जातो, थ्रॉटल उघडतो. मॅनिफोल्डमधली ओढ क्षणात नाहीशी होते, तिथला दाब बाहेरच्या हवेच्या जवळ येतो. स्प्रिंगला आता अडवणारं कोणी नाही; ती पडदा पुढे ढकलते, परतीची वाट आवळली जाते, रेलमधला दाब २.४ वरून ३ कडे सरकतो. गिअर बदलताना पाय उचलला की पुन्हा खाली. परतताना उतारावर थ्रॉटल मिटलेला असताना ओढ सगळ्यात जास्त, म्हणून दाब सगळ्यात कमी. एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत हा पडदा किती वेळा सरकला याची गाडीतल्या कोणालाही पत्ता लागत नाही. ही डबी दोन दाबांमधलं अंतर राखते, आणि ते राखण्यासाठी स्वतःचा दाब इंजिनाच्या श्वासाबरोबर सतत बदलत ठेवते. अभियांत्रिकीतल्या ज्या कल्पना मला सुंदर वाटतात त्यांत ही फार वरची आहे.

धाड परिसरातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला ठिबकचा हेड पुरतो. मोटर पाणी ढकलते ते ठिबकला लागतं त्यापेक्षा जास्त. म्हणून फिल्टरजवळ प्रेशर गेज आणि बायपासचा कॉक असतो, आणि जादा पाणी बायपासने परत विहिरीत सोडलं जातं. गाडीच्या टाकीतला पंपही असाच लागेल त्याच्या कितीतरी पट पेट्रोल ढकलत राहतो. छोट्या गाडीला जागेवर चालताना तासाला लिटरभरही पेट्रोल लागत नाही. बाकी सगळं रेलमधून फिरून टाकीत परततं आणि जाता जाता रेल थंड ठेवतं. फरक इतकाच, की शेतात गेज पाहून कॉक माणूस फिरवतो, इथे तो पडदा फिरवतो. चढउताराच्या रानासाठी जे दाब सांभाळणारे ड्रिपर मिळतात त्यांच्या पोटातही असाच, सिलिकॉनचा, एक इवलासा पडदा असतो.

हा पडदा म्हातारा होतो. रबर कडक पडतं, बारीक चीर जाते. मग जी नळी ओढीची खबर घेऊन येत होती, तिच्याच वाटेने पेट्रोल उलटं मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं. इंजेक्टरच्या मोजमापाबाहेरचं हे पेट्रोल. गाडी काळा धूर सोडते, प्लग काजळतात, ॲव्हरेज पडतं, तापलेलं इंजिन बंद करून पुन्हा सेल्फ मारला तर लवकर धरत नाही. चीर मोठी असेल तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिक हुंगली की कळतं. व्हॉल्व्ह नीट मिटेनासा झाला तर उलट चित्र: दाब कमी, चढावर दम नाही, पिकअप घेताना धक्के. परतीची वाट तुंबली तर दाब वाढतो आणि पुन्हा काळा धूर. लक्षणं एकमेकांत मिसळतात, म्हणून अंदाजाने भाग बदलू नये. तुंबलेला फिल्टर आणि थकलेला पंपही असेच धक्के देतात. इंजिन चालू असताना रेग्युलेटरवरची बारीक नळी काढून पाहायची. तिच्यातून पेट्रोलचा थेंब आला किंवा दरवळ आला, तर पडदा फाटला आहे. गेज लावता आला तर आणखी उत्तम: नळी काढताच काटा अर्ध्या बारच्या आसपास वर चढला पाहिजे. चढला नाही तर पडदा हलायचा थांबला आहे.

आता ते पान.

पहिलं वाक्य इंजिन थंड होऊ द्या असं सांगतं, आणि दुसरं दाब सोडायला सांगतं. पाना अजून हातात घ्यायचा नाही. कारण गाडी बंद केली तरी रेलमधला दाब उतरत नाही. पुन्हा पटकन सुरू व्हावी म्हणून तो मुद्दाम कोंडून ठेवलेला असतो. रात्रभर उभ्या गाडीतही तो असू शकतो. म्हणून पंपाचा फ्यूज किंवा रिले काढायचा, इंजिन सुरू करायचं आणि आतलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं. मग दोन-तीन वेळा सेल्फ मारायचा. टाकीचं झाकण उघडून तिथली वाफही मोकळी करायची. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत ती बरीच असते. या वाक्यात मला विलक्षण शहाणपण दिसतं. कोंडलेला दाब बाहेर काढण्यासाठी दुसरं अवजार शोधायचं नाही, इंजिनालाच तो जाळून संपवू द्यायचा.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, हे वाक्य त्यानंतर येतं, आणि ते तिथेच यायला हवं. आधी तार काढली तर इंजिन चालवून दाब उतरवता येणार नाही. फार उशिरा काढली तर नळी मोकळी झालेली असताना एखादी ठिणगी पुरेल. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्याही खाली पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे वर निघून न जाता जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते. म्हणून हे काम उघड्या अंगणात करायचं. गोठ्यात, पडवीत किंवा खड्ड्यावर गाडी लावून नाही. चूल, देवापुढचा दिवा, बिडी, उघडा बल्ब यांपासून लांब. पावडरचं अग्निशामक हाताशी हवं आणि पोरांना त्या दिवशी गाडीजवळ येऊ द्यायचं नाही. मॅन्युअलमध्ये हे सगळं चौकटीतल्या दोन ओळींत असतं. घरी काम करणाऱ्याने त्या दोन ओळी सर्वांत जास्त वेळ वाचाव्यात.

मधला भाग छोटा आहे. बारीक नळी काढा. परतीच्या नळीची क्लिप पकडीने सरकवा, खाली सुती चिंधी धरा, नळी पिळून ओढू नका. जुनी असेल तर ती तडकते, मग नवीनच घालावी. रेग्युलेटर बहुधा दोन छोट्या बोल्टवर बसलेला असतो, दहाचा पाना लागतो. बोल्ट निघाले की डबी हलक्या हाताने फिरवत बाहेर ओढायची. आणि इथे एक बारकावा आहे जो पानावर अर्ध्या वाक्यात येतो आणि नजरेतून निसटतो: जुनी ओ-रिंग, म्हणजे जोड बंद ठेवणारी रबरी कडी, डबीबरोबर बाहेर आली का ते पाहा. कित्येकदा ती रेलच्या तोंडातच चिकटून राहते. तिच्यावर नवीन ओ-रिंग बसवली तर दोन्ही मिळून एकही काम करत नाहीत, आणि इंजिन सुरू होताच ३ बारने पेट्रोलची चिळकांडी गरम इंजिनावर उडते. मला विचाराल तर सगळ्या पानातलं सर्वांत वजनदार अर्धं वाक्य हेच.

नवी डबी घेताना जुनीवरचा क्रमांक जुळवायचा. नुसता आकार सारखा असून भागत नाही. आतली स्प्रिंग अडीच बारची आहे की तीनची, हे बाहेरून दिसत नाही. ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावायचं, सिलिकॉन सीलंट अजिबात नाही, कारण त्याचे कण पेट्रोलबरोबर सुटले तर इंजेक्टरच्या बारीक छिद्रांत अडकतात. बोल्ट आधी बोटांनी, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. सहा मिलिमीटरच्या बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपासचा पीळ पुरतो. त्याहून जोर लावला तर ॲल्युमिनियमच्या रेलमधले आटे जातात.

शेवटची वाक्यं पहिल्या वाक्यांनी काढलेलं परत जागेवर आणतात. फ्यूज परत, टाकीचं झाकण बंद, बॅटरीची तार सर्वांत शेवटी. पण इंजिन अजून सुरू करायचं नाही. चावी नुसती ऑनवर आणायची. पंप दोन-तीन सेकंद घुमतो आणि थांबतो. बंद, पुन्हा ऑन, असं काही वेळा. रेल भरते, दाब येतो, आणि आता थंड इंजिनासमोर, बॅटरीच्या टॉर्चच्या उजेडात, जोडांवर नजर आणि नाक ठेवायचं. कोरडं असेल तरच सेल्फ. इथली संयमाची लय मला फार आवडते: ज्या दाबाला सुरुवातीला काळजीपूर्वक निरोप दिला, त्याला तितक्याच बेताने परत बोलावायचं. ऑइलमध्ये पेट्रोल उतरलं असेल तर ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदलायचा. चिंध्या उन्हात, घरापासून लांब वाळवायच्या, गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत.

या पानाच्या जुन्या आवृत्त्यांत एक गोष्ट नसते, आणि ती आज आपण जोडून वाचली पाहिजे. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं आणि आता ते सर्वत्र आहे. त्यातलं बरंचसं इथेनॉल मक्यापासूनही बनतं, आणि मका भोकरदन-सिल्लोडच्या पट्ट्यात भरपूर पिकतो. म्हणजे इथल्या रानाशी त्याचं नातं आहे. पण वीस वर्षांपूर्वीचे पडदे, ओ-रिंगा आणि नळ्या या मिश्रणासाठी घडवलेल्या नव्हत्या. काही जुन्या गाड्यांतले रबरी भाग आणि गॅस्केट २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ च्या खुलाशात म्हटलं होतं. तेव्हा रेग्युलेटर बदलताना सोबतच्या रबरी नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात. दुकानदाराला तसं स्पष्ट विचारावं. चार रुपये जास्त गेले तरी चालतील.

नव्या गाड्यांत हे पान जवळपास नाहीसं झालं आहे. आता रेग्युलेटर टाकीतच, पंपाच्या जोडीला बसवतात. परतीची नळी गेली, मॅनिफोल्डची बारीक नळी गेली, आणि दाबातला फरक ईसीयू मिलिसेकंदांच्या हिशेबात भरून काढतो. पुढे येऊन गरम होणारं पेट्रोल परत टाकीत जात नाही, त्यामुळे वाफही कमी होते. ही सुधारणा योग्यच आहे. तरी रेलच्या टोकाला बसून श्वासागणिक हलणारा तो पडदा उघड्यावर पाहता येत होता, हाताने बदलता येत होता, याचं मोल मला मोठं वाटतं.

तुमच्या गाडीच्या रेलला परतीची नळी आणि बारीक व्हॅक्यूम नळी दोन्ही दिसत असतील, तर हे पान तुमच्यासाठी आहे. आधी दोनदा वाचा, मग पाना घ्या. नळ्या दिसत नसतील तर टाकी उतरवण्याचं काम मिस्त्रीवर सोपवा. आणि गाडी कॉमन रेल डिझेल असेल, तर तिच्या रेलला घरी हात लावू नका. तिथला दाब तीन बारचा नसून हजार-दीड हजार बारच्या घरातला असतो आणि त्याची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. तशी इजा झाली तर जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट रुग्णालय गाठा.